दोन अधिक दोन

साठ्येसरांनी बटण दाबलं. टेलिफोनचे जुने रिले, म्हणजे विजेनं उघडमीट होणारे खटके, जोडून बनवलेलं गणकयंत्र खडखडलं आणि दोन अधिक दोनचं उत्तर आलं, शून्य. टांग्यातून उशिरा उतरलेल्या डायरेक्टरांनी भुवया उंचावल्या. त्यांना यंत्र पटलं नाही, तर प्रयोगशाळेला टाळं लागणार होतं.

सरांची सहकारी कुमुद यंत्राकडे धावली. परवा खंडेनवमीला यंत्राची पूजा तिनंच केली होती, एकेका रिलेला हौसेनं कुंकू लावून. तिनं झाकण काढलं. रिलेच्या पट्ट्यांत कुंकू अडकलं होतं. तिनं फुंकर घातली, पदरानं पुसलं. यंत्र पुन्हा खडखडलं. चार!

"चूक माझी, साहेब," ती पुटपुटली. "पूजेचं कुंकू आत गेलं."

डायरेक्टर खो खो हसले. "चालू ठेवा प्रयोगशाळा. आमच्या हिनंही परवा बॉनेट उघडून गाडीची पूजा केली. म्हणून तर टांग्यानं आलो!"