राखणदाराचा कोंबडा

कोंबड्याच्या टाचेवरचा काटा आता इतका वाढला होता, की चालताना तो दुसऱ्या पायाला घासायचा. शालन ओट्यावरून तो निरखत होती. कोंबडा घरी आणला तेव्हा तिथे जेमतेम एक गाठ होती.

गोव्याला कामाला गेलेला नवरा परतला, की गावच्या राखणदार देवाला हा कोंबडा देईन, असा नवस ती तेव्हा बोलली होती. नवसाचा म्हणून त्याला कोणी हात लावेना. त्याच्यामागून मोकाट कोंबड्यांचं लेंढार कॉलनीभर हिंडायचं आणि दिसेल तो वाफा उकरायचं.

"वहिनी, माझी मिरचीची रोपं पुन्हा मुळासकट गेली," कुंपणापलीकडून नाईकभावोजी म्हणाले. "कोंबड्या बाजारात नेतो मी. पण या महाराजांचं काय? यांना हुसकायचीसुद्धा भीती वाटते."

शालन हसली. 'हे येतीलच आता, दिवाळीपर्यंत थांबा,' हे दरवर्षीचं उत्तर ओठांशी आलं होतं. तेवढ्यात कोंबड्याने तिच्यादेखत उरलेलं एक रोप उपटलं आणि तो पुढे गेला.

"त्यालाही न्या, भावोजी," ती म्हणाली. "नवसाचा राहिला नाही तो. हे आता यायचे नाहीत."