मागे काही उरू नये

"ताई, धुकं उतरतंय," बसचा चालक खिडकीतून वाकून म्हणाला. "हाका मारून बोलवून घ्या की सगळ्यांना."

"ओ देणार नाहीत. माझा हात खांद्यावर पडेपर्यंत जागचं हलायचं नाही, असं बजावलंय."

"हे काय नवीन?"

"मागच्या तुकडीत एकाने हुबेहूब माझा आवाज काढला. सगळे निम्म्यातच उठून आले. तेव्हापासून हा नियम."

"शहरातली बेणी," चालक हसला. ताई हसली नाही.

शिबिराची बारा मुलं रानात शांतता ऐकत एकेकटी बसली होती. शांतता म्हणजे केवळ वीज गेल्याची खूण, एवढंच ठाऊक असलेली मुलं. अकरा जणांची जागा पायवाटेपासून पन्नास पावलं आत. सरळसोट खोडं सगळी सारखीच. म्हणून जिथून आत वळायचं, तिथल्या खोडावर नारिंगी फीत. फिती खोडांच्या पलीकडच्या अंगाला, परतताना दिसतील अशा. आधी टोक गाठायचं आणि परतताना फितीगणिक एकेकाला उठवत यायचं, ही ताईची रीत.

वाटेच्या टोकाला, ओढ्याकाठच्या खडकावर, बारावी मुलगी, चिमणी, होती. सर्वांत लहान, सर्वांत आज्ञाधारक. 'रानात आपलं काही मागे उरू नये' हा पहिल्या दिवशीचा धडा ऐकून ती गोळीच्या कागदासाठी टेकडी पुन्हा चढून गेली होती. तिला एकटीला ताईने सर्वांआधी हाताला धरून नेऊन बसवलं, बाकीच्यांना त्यानंतर.

निघताना तिची आई म्हणाली होती, "घाबरली की ती रडत नाही हो. नुसती चालायला लागते."

ते वाक्य आता ताईच्या पायांत घोटाळत होतं. धुकं खोडांच्या कमरेला आलं, मग खांद्याला. ती चालता चालता धावू लागली. ओढ्याचा आवाज आला, पण ओढा दिसेना. खडक दिसला तो रिकामा.

ताई खडकाला वळसा घालू लागली.

मग खडकाचाच एक करडा तुकडा किंचित हलला. गुडघ्यांत मान घालून चिमणी बसली होती. ताईने खांद्यावर हात ठेवला.

"मी मध्ये एकदा उठले होते, ताई," चिमणी पुटपुटली. "भीती वाटली. चालत चालत पार वाटेच्या तोंडापर्यंत गेले. बस दिसली आणि लाज वाटली. म्हणून परत येऊन बसले. रागावलात?"

"नाही गं, वेडे." ताईने तिला पोटाशी धरलं. आता कुठे ताईचा जीव भांड्यात पडला. "चल, आता बाकीच्यांना घेऊ."

"पण माझी चक्कर वाया नाही गेली हं." चिमणीचा चेहरा प्रथमच उजळला. तिने खिसा उलटा केला. "कोणी तरी वाटभर झाडांना प्लास्टिक बांधून ठेवलं होतं. मी एकसुद्धा मागे ठेवलं नाही."

तिच्या ओंजळीत अकरा नारिंगी फिती होत्या.