टाकीतला गुंड

फौजदारांनी चमच्याने काचेवर टकटक केलं आणि बॅटरीचा झोत दगडांच्या फटीत मारला.

"बाहेर ये," ते म्हणाले.

फटीतला केशरी मासा आणखी आत सरकला.

मासे घरात येऊन पाच दिवस झाले होते. नातीसाठी म्हणून फौजदारांनी दुकानात तासभर उभं राहून सहा मासे निवडले होते. तिथे काय बागडत होते! इथे आल्यापासून मात्र सगळ्यांनी तोंडं लपवली होती. रंग उडालेले, पर अंगाला चिकटलेले, खाणं टाकावं तर दाणे तसेच तळाशी. या गरिबांना कुणीतरी छळतंय, हे फौजदारांनी पहिल्याच दिवशी ताडलं. पोलिसातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण त्यांची नजर अजून कामावर जात होती.

संशय काळ्यावर होता. तो अंगाने सगळ्यांत मोठा आणि तोंडावरूनच मग्रूर. तिसऱ्या दिवशी फौजदारांनी त्याला जाळीत धरून रिकाम्या बरणीत कोंडलं. उरलेले पाच सुधारतील असं वाटलं होतं, ते आणखीच बिथरले. केशरी तर बॅटरी दिसली की दगडांवर आपटायला लागला. पाचव्या दिवशी त्याच्या शेपटीवर मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके उठले.

"आतून आणखी कुणीतरी सामील आहे!" फौजदार गरजले.

"हो बाबा," मुलगा पेपराआडून म्हणाला. "हो बाबा," म्हणत सून स्वयंपाकघरात गेली. नात अभ्यासाला बसली. रविवार होता.

शेवटी फौजदारांनी माशांच्या दुकानाची मालकीणच घरी बोलावली. बाई तिशीतली, बाह्या सरसावून आलेली. तिने पाणी तपासलं, टाकीशेजारी उकिडवी बसून एकेक मासा न्याहाळला, आणि मग फौजदारांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. खाणं किती वेळा देता? टाकीत हात किती वेळा घालता? दिवसातून किती वेळ इथे बसता?

"उठल्यापासून," फौजदार अभिमानाने म्हणाले. "लक्ष नको ठेवायला?"

"ठिपक्यांवर औषध देते, जातील," ती म्हणाली. "घाबरलेल्या माशाला आजार लवकर धरतो. पण तो घाबरतोय कुणाला?"

"काळ्याला."

"काळा तर दोन दिवस बरणीत आहे ना, काका?"

फौजदारांनी घसा खाकरला. बाईने काळ्याला अलगद टाकीत सोडलं आणि औषधाची बाटली त्यांच्या हातात ठेवली.

"एक करा. अर्धा तास खोलीबाहेर थांबा. तुम्ही नसताना काय चालतं ते लपून बघा."

"म्हणजे पाळत ठेवायची?" फौजदार एकदम खुलले.

ती गेल्यावर त्यांनी चपला घातल्या, "मी जरा पाय मोकळे करून येतो" असं घरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, दार धाडकन ओढलं आणि घराला वळसा घालून ते मागच्या खिडकीशी, कुंड्यांच्या मध्ये, अंग चोरून उभे राहिले. तिथून टाकी सरळ समोर दिसत होती.

पाच मिनिटं काहीच हललं नाही. मग केशरी नाक फटीतून बाहेर आलं. त्याच्यामागे पट्टेवाले दोघं. मग बाकीचे. तळाचे दाणे मटामट संपले. काळा त्यांच्यात शिरला तरी कुणी पळालं नाही. उलट केशरी त्याच्या बाजूने तरंगत राहिला, जुन्या दोस्तासारखा.

फौजदारांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सहा जणांना छळणारा सातवा टाकीत नव्हताच. तो कुंड्यांमध्ये उभा होता.

ते मागे फिरणार, तोच आत हशा उसळला. त्यांनी पुन्हा डोकावलं. नात बापाचे बूट घालून खोलीभर थडाथडा नाचत होती. सून खुल्या गळ्याने गात होती. लग्न होऊन आठ वर्षं झाली, तिला गाता येतं हे फौजदारांना आज कळत होतं. मुलाने पाय टीपॉयवर पसरले होते आणि तो भिवया चढवून, घोगऱ्या आवाजात ओरडत होता, "आतून आणखी कुणीतरी सामील आहे!" नात हसता हसता जमिनीवर लोळली.

फौजदारांच्या भिवया सवयीने वर गेल्या. तशाच थोडा वेळ राहिल्या. मग हळूहळू खाली आल्या.

ते पुढच्या दाराने आत आले. गाणं कडव्याच्या मध्येच तुटलं. नात बुटांसकट पुतळा झाली. मुलाने घाईघाईने पाय खाली घेतले.

"आलात, बाबा?"

फौजदार टाकीकडे गेले नाहीत. भिंतीकडची खुर्ची ओढून ते बसले.

"राहू दे रे पाय वर," ते म्हणाले. "आणि तो मघाशी काढत होतास ना आवाज, तो परत काढ बघू. खिडकीतून नीट ऐकू आला नाही."