छापातलं बाळ

“पोटच्या पोराचा चेहरा तांब्यावर कोरू देऊ नकोस गं,” सासूनं बजावलं होतं. ओर्तेन्सियानं ते हसण्यावारी नेलं.

तिचा नवरा ताद्देओ रोमच्या चर्चमधल्या मेरीमातेच्या चित्राची नक्कल कागदावर छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरत होता. मेणबत्त्यांच्या काजळीनं मूळ चित्रातलं मेरीच्या कडेवरचं बाळ दिसेना, म्हणून त्यानं आपल्याच नेल्लोचा चेहरा कोरला, डाव्या गालावरच्या तिळासकट.

पहिला छाप निघाला आणि पाळण्यातल्या नेल्लोचा तीळ उजव्या गालावर गेला.

“छापात सगळं उलटंच येतं, वेडे!” ताद्देओ हसला.

“छापात येतं हो. पाळण्यात कसं आलं?”

पाळण्यातलं बाळ रडेना, तिच्या दुधाला तोंडही लावेना.

छाप गावोगाव विकले गेले. तुमच्या भिंतीवर असेल, तर जरा बघून या हो. त्यातलं बाळ भुकेनं रडत तर नाही ना?