जड बाजू

तिसऱ्यांदा धागा तुटला, आणि तोही चाक नेमके त्याच जागी आल्यावर.

अवधूतला कारण ठाऊक होते. लाकडी पाणचक्र बंद असले तरी सकाळ-संध्याकाळ अर्धा फेरा फिरवावे लागते. नाहीतर बुडालेला भाग पाणी पिऊन जड होतो. ते काम त्याचे होते. परंतु सुरक्षेचे नियम पाठ असलेल्या या संशोधक विद्यार्थ्याने, म्हणजे त्यानेच, शुक्रवारी चाकाला साखळी घालून कुलूप लावले, ते थेट आज सोमवारी काढले होते.

“लास्ट चान्स, काकू,” रीमा म्हणाली. दोनशे वर्षांपूर्वीची रेशीम-गिरणी जशीच्या तशी उभारलेल्या त्या छोट्या संग्रहालयाची ती संचालक. “एक फुल लड, न तुटता. नाहीतर उद्या चाकाऐवजी मोटर बसवणार. आय अ‍ॅम सो सॉरी.”

“सॉरी राहू दे, आधी ते दार लाव. वारा येतोय,” श्रूजबरी गावाहून दर आठवड्याला इथे रेशीम काढायला येणाऱ्या संध्याकाकू म्हणाल्या.

त्यांनी नवे टोक ओवले, धागा दोन बोटांमधून सोडला आणि डोळे मिटले. अवधूतने पाण्याची झडप उचलली.

जड बाजू वर चढताना चाकावर चालणाऱ्या, धागा गुंडाळणाऱ्या चात्या मंदावत. खाली येताना उसळत. काकूंचा हात उसळीबरोबर पुढे जाई, चढणीबरोबर अलगद मागे येई. कुणाची तरी चूक त्या आपल्या मनगटात जिरवत होत्या. कुणाची, हे न विचारता. अर्ध्या तासाने त्यांनी दुसऱ्या हाताने खांदा दाबून धरला. लय ढळली नाही.

लड पूर्ण झाली. रीमाने फोन कानाला लावला. “मोटरवाल्यांना कॅन्सल करते. चाक एकदम फाइन आहे.”

“नाही.” स्वतःचा आवाज अवधूतला परका वाटला. “एका बाजूनं जड झालंय. माझ्यामुळे. दोन दिवस मी ते फिरवलंच नाही.”

“मग धागा का नाही तुटला?” रीमाने विचारले.

“अरे शहाण्या, तोंड आधी उघडायचंस,” काकू म्हणाल्या. “खांदा वाचला असता माझा.”

अवधूतने झडप खाली सोडली. चाक थांबले. काकूंची बोटे रिकामी होती, तरी हात चाकाच्या त्याच लयीत पुढे-मागे होतच होता.

रीमा त्या हाताकडे पाहत राहिली. मग फोनमध्ये हलकेच म्हणाली, “येस. कॅन्सल इट.”