कोट कोणाचा?

डेटिंग साइटवर मावशीशी बोलणाऱ्या माणसाचा फोटो भाची उत्तरानं बोटांनी मोठा केला. "मावशी, हे प्रोफाइल फेक हाय. भारीतला कोट, मागं समुद्र, आन् व्हिडिओ कॉल म्हणलं की याचा कॅमेरा खराब. बिलकुल नादी लागू नको."

त्रिवेणीमावशी हसली. "तुझ्या काकाचा फोटो बी असाच आला होता, जिंतूरच्या स्टुडिओतून. काळा कोट, हातात घड्याळ, मागं काश्मीरचा पडदा. माझ्या मैत्रिणीला स्थळ आलं, तर त्याच्या बी अंगात तोच कोट!"

"मग तू हो कशी म्हणलीस?"

"बघायला आले ते साध्या सदऱ्यात. माझ्या अप्पांनी विचारलं, कोट न्हाई घातला? यांच्या मामानं लय डोळे वटारले, तरी हे म्हणले, 'कोट स्टुडिओचा होता. घड्याळ बी.' मी दाराआड ऐकायलते. तिथंच हो म्हणले."

भिंतीवर हार घातलेल्या फोटोत काका त्याच कोटात होते.

"बरं, याला ब्लॉक करू?"

"मीच केलाय की कवाच."

उत्तरानं चॅट उघडलं. मावशीनं विचारलं होतं, 'कोट कोणाचा हाय?' त्यानं लिहिलं होतं, 'माझाच, लंडनचा.' यादीत खाली आणखी कितीतरी माणसं होती. प्रत्येकाला मावशीचा तोच प्रश्न.

"सगळ्यांना हेच विचारतेस?"

मावशीनं फोन हातात घेतला, पदरानं पुसला.

"स्टुडिओचा म्हणणारा अजून कुणी भेटला न्हाई बग."