पियानो अडखळला तेव्हा

या, असे जरा पुढे सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण मला मान खाली घालून सांगावी लागेल.

रविवारी सकाळी कर्वेनगरच्या एका सभागृहात मी चेलो वाजवत होतो आणि पियानोवर येरवड्याच्या शर्मिला ओव्हाळ होत्या. रचना दोघांची, कुणी कुणाच्या साथीला नव्हतं. ऐन रंगात समोरच्या स्वरलिपीच्या कागदावर माझी नजर चुकली आणि मी चार ओळी गाळून थेट पुढे गेलो. कीर्तनात बुवा पद विसरले तर टाळकरी ते वरच्या वर झेलतात ना, तसं बाईंनी मला झेललं. पियानो क्षणभर अडखळला आणि माझ्यापाशी येऊन पोचला. टाळ्या भरपूर पडल्या.

नंतर आयोजक आत आले. "आमोदराव, चेलो काय वाजला हो! बाई, तुमची मात्र मधे डुलकी लागली वाटतं."

शर्मिलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चेलो पुसत होतो.

"पान उलटायला उशीर झाला," त्या म्हणाल्या.

"असू दे. आमोदराव, दिवाळीनंतर पुन्हा या. पियानोला दुसरं कुणी मिळतंय का बघा."

सत्यवचनी राजाचं आख्यान ऐकून दर वेळी डोळे पुसणारा मी. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बघतो."

माझं नाव विसरलात तरी चालेल. शर्मिला ओव्हाळ चुकल्या नव्हत्या, एवढं मात्र लक्षात ठेवा.